निवासी व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी : कागद कोणाचा लागतो आणि तो मिळाल्यावर काय बंधनकारक होते

सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यासाकडे एक दुमजली इमारत आहे आणि तिथे दारू व अन्य व्यसनांच्या रुग्णांसाठी तीस खाटांचे निवासी केंद्र सुरू करण्याचा विचार आहे. केंद्रात औषधोपचार होणार नाहीत. योग, समुपदेशन, प्रार्थना आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीच्या, सभा एवढेच असेल. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. अशा स्थितीत वेगळा परवाना लागतो का, लागत असल्यास तो कोणाकडून घ्यायचा, आणि नातेवाइकांनी लेखी संमती दिली तर रुग्णाला सहा महिने ठेवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी अशा केंद्रांमध्ये बरीच वर्षे काम केले आहे आणि काही केंद्रांच्या तपासणीतही सहभागी झालो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

थेट उत्तरे आधी देतो. नोंदणी लागते. ती मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे करावी लागते, आणि केंद्रात औषधे दिली जाणार की नाहीत यावर ती अवलंबून नाही. नातेवाइकांच्या संमतीवर सज्ञान आणि निर्णयक्षम माणसाला सहा महिने तर सोडाच, एक दिवसही त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत नाही. पहिल्या दोन उत्तरांवर लोक वाद घालतात. तिसऱ्याचा मात्र बहुतेकांनी विचारच केलेला नसतो, आणि केंद्रे अडचणीत येतात ती प्रामुख्याने तिथेच. म्हणून नोंदणीची प्रक्रिया थोडक्यात सांगून मी तिसऱ्या मुद्द्यावर अधिक लिहिणार आहे.

व्यसनमुक्ती केंद्राचा मानसिक आरोग्याच्या कायद्याशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांना पडतो. या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय आजाराचे निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या वैद्यकीय निकषांनुसार करावे असे कायदा सांगतो, आणि त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचे नाव घेतलेले आहे. त्या वर्गीकरणात व्यसनाधीनतेला स्वतंत्र स्थान आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेची व्याख्या तर मुद्दामच रुंद ठेवलेली आहे. संस्थेला कोणतेही नाव दिलेले असो, ती सरकारची, न्यासाची, कंपनीची, सहकारी संस्थेची किंवा एकट्या व्यक्तीची असो, जिथे अशा व्यक्तींना शुश्रूषा, उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी दाखल करून, तात्पुरते का होईना, ठेवले जाते, ती आस्थापना या कायद्याच्या कक्षेत येते. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथी यांच्या आस्थापनाही त्यात नावानिशी घेतल्या आहेत. वगळले आहे ते फक्त रुग्ण आपल्या नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहतो ते घर. त्यामुळे ‘आम्ही गोळ्या देत नाही, केवळ संस्कार करतो’ हा युक्तिवाद टिकत नाही. माणसे तुमच्याकडे राहतात की नाही, एवढेच कायदा विचारतो.

पूर्वीच्या मानसिक आरोग्य कायदा, १९८७ मध्येही व्यसनाधीन रुग्णांसाठीच्या स्वतंत्र रुग्णालयांची आणि शुश्रूषागृहांची तरतूद होती; पण त्या कायद्याचा भर रुग्णालयांवर होता आणि गावाबाहेरच्या बंगल्यात किंवा शेतघरात चालणाऱ्या केंद्रांकडे कोणाचे लक्ष नसे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी येथे एका खासगी निवासगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ रुग्ण जळून मेले. आजच्या कायद्यात साखळीने बांधण्यावर जी सरसकट बंदी आहे, तिच्यामागे या घटनेची आठवण आहे, असे मी मानतो.

महाराष्ट्रात या क्षेत्राची सुरुवात मात्र वेगळ्या वळणाची होती. १९८६ साली डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे वैद्यकीय व्यवस्थेच्या सावलीत. बरे झालेले रुग्ण, समुपदेशक आणि डॉक्टर एकाच छपराखाली काम करतात हा नमुना तिथून राज्यभर पसरला. पुढे त्याची नक्कल करताना अनेकांनी बरे झालेले रुग्ण तेवढे घेतले आणि डॉक्टर वगळले.

आता ‘शासनमान्य’ या पाटीविषयी. तपासणीला गेल्यावर भिंतीवर काचेच्या चौकटीत धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र, संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक, देणग्यांवरील आयकर सवलतीचा आदेश आणि कुठल्याशा खासगी संस्थेचे आयएसओ प्रमाणपत्र अशी रांग दिसते. यांतला एकही कागद रुग्ण दाखल करून घेण्याचा अधिकार देत नाही. धर्मादाय आयुक्त न्यासाची मालमत्ता आणि हिशेब पाहतात. शॉप अ‍ॅक्ट कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळा पाहतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून व्यसनाधीनांसाठीच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांना अनुदान मिळते आणि त्या योजनेच्या स्वतःच्या अटी आहेत. परंतु अनुदानाची मंजुरी ही नोंदणीची जागा घेत नाही. राज्याचे २०११ चे व्यसनमुक्ती धोरणही धोरणच आहे, परवाना नव्हे. पंजाबने २०११ मध्ये आणि हरियाणाने त्याच सुमारास व्यसनोपचार केंद्रांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यामुळे तिथल्या केंद्रांना त्या नियमांखालील परवान्याची सवय आहे. आपल्याकडे मुख्य आधार हा केंद्रीय कायदा आणि त्याखालचे राज्य प्राधिकरण हाच आहे. पंजाबातील एखाद्या ओळखीच्या केंद्राचे अर्ज आणून त्यांची नक्कल करू नये, हे त्यामुळेच सांगावे लागते.

नोंदणीची प्रक्रिया कागदावर सोपी आहे. विहित नमुन्यात, ठरलेल्या शुल्कासह अर्ज केल्यावर प्राधिकरणाने १० दिवसांत तात्पुरते प्रमाणपत्र द्यायचे असते आणि त्याआधी चौकशी करण्याची त्याच्यावर सक्ती नाही. हे प्रमाणपत्र १२ महिने वैध असते आणि त्याचे नूतनीकरण होते. त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ३० दिवसांत करावा, उशीर झाल्यास वाढीव शुल्क पडते. तात्पुरती नोंदणी दिल्यापासून ४५ दिवसांत आस्थापनेचा तपशील प्राधिकरणाने प्रसिद्ध करायचा असतो. आपल्या प्रवर्गाची किमान मानके अधिसूचित झाली की कायम नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो आणि मानके पूर्ण केल्याचा पुरावा ३० दिवस जनतेच्या हरकतींसाठी खुला ठेवला जातो. नोंदणी नाकारली किंवा रद्द झाली तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. प्रमाणपत्र हस्तांतरणीय नसते. एक केंद्र दुसऱ्याला ‘चालवायला’ देण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती म्हणूनच मुळात चुकीची आहे.

तात्पुरते प्रमाणपत्र चौकशीविना मिळते, यामुळे एक गैरसमज पसरला आहे. प्रमाणपत्र हाती आले म्हणजे प्राधिकरणाने आपले केंद्र पाहून पसंत केले, असे संस्थाचालक समजतात आणि रुग्णांचे नातेवाईकही समजतात. वस्तुतः ते प्रमाणपत्र तुमच्या स्वतःच्या निवेदनावर दिलेले असते. खरी तपासणी पुढे होते. कायद्याने दर तीन वर्षांनी प्रत्येक नोंदणीकृत आस्थापनेचे लेखापरीक्षण करायला सांगितले आहे, त्यात स्थानिक समाजातील प्रतिनिधीही असू शकतात. आणि तक्रार आली किंवा प्राधिकरणाला स्वतःहून वाटले तर केव्हाही चौकशी होऊ शकते. प्रत्यक्षात ही यंत्रणा किती वेगाने चालते, याबद्दल भाबडे राहण्यात अर्थ नाही. कायद्याच्या अंमलबजावणीतील दिरंगाईबद्दल मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली होती. तरीही तपासणी उशिरा येते म्हणून नोंदवह्या उशिरा लिहिण्याची सवय लागली, तर एखादा मृत्यू किंवा एखादी तक्रार घडल्यावर आधीच्या सगळ्या महिन्यांचा हिशेब एकाच दिवशी मागितला जातो.

औषधे देणार नाही, हा आपला निर्णय परवान्याच्या दृष्टीने निरर्थक असला, तरी वैद्यकीय दृष्टीने तो धोकादायक आहे आणि त्यावर मला स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्या माणसाने ती एकदम थांबवली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, तीव्र थरथर, ताप आणि रक्तदाबातील चढउतार अशी प्राणघातक अवस्था येऊ शकते. या अवस्थेवर खात्रीचे उपचार उपलब्ध आहेत; योग्य मात्रेतील झोपेच्या गटातील औषधे, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि परिचारिकेची चोवीस तास नजर. थायमिन न देता ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे ज्याला माहीत नाही अशा माणसाच्या हातात पहिले चार दिवस असता कामा नयेत. मी पाहिलेल्या एका केंद्रात भास होणाऱ्या रुग्णाला ‘नाटक करतो’ म्हणून रात्रभर कोपऱ्यात बसवून ठेवले होते. सकाळी त्याला जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा आपल्यापुढे दोनच रास्त मार्ग आहेत. एक तर केंद्रात वैद्यकीय व्यवस्था उभी करावी, किंवा शरीर दारूतून बाहेर येईपर्यंतचा काळ रुग्णालयात काढलेल्या रुग्णांनाच, तशा लेखी दाखल्यासह, आपल्याकडे घ्यावे. दुसरा मार्ग न्यासासारख्या संस्थेला परवडणारा आहे. पण त्यासाठी जवळच्या रुग्णालयाशी लेखी करार हवा. तोंडी ओळख मध्यरात्री कामाला येत नाही.

याला जोडूनच मनुष्यबळाचा मुद्दा येतो. कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, तसेच प्राधिकरणाकडे नोंदणी झालेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते; आयुर्वेद, होमिओपॅथी आणि अन्य आयुष पद्धतींतील मनोविकार विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही त्यात येतात. सहा महिन्यांचा समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती किंवा व्यसनातून बाहेर आलेला कार्यकर्ता त्यात येत नाही. याचा अर्थ अशा कार्यकर्त्यांची गरज नाही असा नव्हे. माझ्या अनुभवात रुग्णाशी पहिला खरा संवाद साधतो तो बहुधा स्वतः त्या वाटेने गेलेला माणूसच. पण दाखल करण्याचा, थोपवून धरण्याचा किंवा बांधण्याचा निर्णय त्याने घ्यायचा नसतो आणि कागदावर सही त्याची चालत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नव्या कायद्याने दाखल होण्याचे नियम मुळापासून बदलले. प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्यास सक्षम आहे असे गृहीत धरायचे. तिला माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का आणि तो निर्णय सांगता येतो का, एवढेच पाहायचे. एखादा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अनुचित वाटतो, एवढ्यावरून ती व्यक्ती अक्षम ठरत नाही, असे कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. दारू सोडण्याची इच्छा नसणे हा घरच्यांच्या दृष्टीने कितीही चुकीचा निर्णय असला, तरी तो अक्षमतेचा पुरावा नव्हे. नशा उतरलेली आणि शरीर सावरलेले बहुतेक व्यसनाधीन रुग्ण कायद्याच्या अर्थाने सक्षम असतात. म्हणून त्यांचे दाखल होणे हे स्वतंत्र रुग्ण म्हणून, त्यांच्या स्वतःच्या सहीने आणि स्वतःच्या माहितीपूर्ण संमतीने व्हावे लागते. अशा रुग्णाने जायचे म्हटले की त्याला तत्काळ सोडावे लागते. अपवाद एवढाच, की त्याला निर्णयाचे स्वरूप कळत नाही, किंवा तो स्वतःला वा इतरांना इजा करण्याच्या बेतात आहे, किंवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ आहे की जिवाला धोका आहे असे व्यावसायिकाला वाटले, तर पुढील मूल्यमापनासाठी २४ तास थांबवता येते. चोवीस तासांपुढे थांबवायचे तर कलम ८९ च्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत.

कलम ८९ प्रमाणे सहाय्यित दाखल, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अर्जाऐवजी दुसऱ्याच्या अर्जावर, करून घेता येते, पण त्याच्या अटी कडक आहेत. अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे रुग्णाने स्वतः नेमलेल्या किंवा तसे कोणी नसल्यास कायद्याने ठरवलेल्या व्यक्तीने, करायचा; त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन व्यावसायिकांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून इजेचा किंवा आत्मदुर्लक्षाचा धोका आहे असे ठरवायचे; कमी बंधनाचा दुसरा उपाय शक्य नाही हेही पाहायचे. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि दर सात दिवसांनी रुग्णाची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची. स्त्रिया आणि अल्पवयीन यांच्याबाबत तीन दिवसांत आणि इतरांबाबत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. तीस दिवसांपुढे ठेवायचे झाल्यास दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. ती पहिल्यांदा ९०, नंतर १२० आणि त्यानंतर १८० दिवसांपर्यंतची असते. एकोणतिसाव्या दिवशी कागदोपत्री डिस्चार्ज देऊन एकतिसाव्या दिवशी पुन्हा दाखल करण्याची युक्ती कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. डिस्चार्जनंतर सात दिवसांत पुन्हा दाखल केले तर तो रुग्ण तीस दिवसांपुढील प्रवर्गातच धरला जातो. आपण विचारलेला सहा महिन्यांचा मुक्काम याच चौकटीत बसवून पाहावा. रुग्ण स्वेच्छेने राहिला तर सहा महिने काय, वर्षभरही राहू शकतो. त्याच्या मर्जीविरुद्ध राहायचा असेल, तर नातेवाइकांच्या शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील संमतिपत्राला काहीही किंमत नाही, आणि तसे ठेवणे हा या कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय बेकायदा डांबून ठेवण्याचा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो.

पुनर्विलोकन मंडळ हा आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचे, क्वचित निवृत्त, न्यायिक अधिकारी असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यावसायिक आणि स्वतः रुग्ण राहिलेल्या व्यक्ती, काळजीवाहू किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यातून दोन सदस्य असतात. रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या दाखल असण्याविरुद्ध मंडळाकडे जाऊ शकते आणि मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. रुग्णाला विधिसेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मंडळाचा पत्ता आणि संपर्क केंद्रात सर्वांना दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. तपासणीत मी सर्वांत आधी तो फलक शोधतो. तो कार्यालयात, रुग्णांना जिथे प्रवेश नाही अशा खोलीत लावलेला असेल, तर पुढचे बरेचसे कळून येते.

‘गाडी पाठवून उचलून आणणे’ हा प्रकार इतका रुळला आहे की काही केंद्रे त्याचे दर छापतात. चार-पाच जण घरी येतात, रुग्णाला धरतात, गाडीत घालतात. घरच्यांची हतबलता मी जाणतो. रात्री बायकोमुलांना मारणाऱ्या माणसापुढे कलमांची भाषा बोलणे क्रूर वाटू शकते. परंतु त्यासाठी कायद्याने मार्ग दिलेले आहेत. जीव जाण्याचा, स्वतःला वा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो आणि जवळच्या आस्थापनेत नेण्याची व्यवस्था करू शकतो. पोलिसांवरही या कायद्याने काही कर्तव्ये टाकली आहेत, आणि दंडाधिकारी मूल्यमापनासाठी १० दिवसांपर्यंत आस्थापनेत पाठवण्याचा आदेश देऊ शकतात. घरातली मारहाण हा तर मुळात पोलिसांचाच विषय आहे, केंद्राच्या गाडीचा नव्हे. आपल्या केंद्राने गाडी पाठवायची नाही असा नियम पहिल्या दिवशी करावा. तो मोडण्यासाठी दर आठवड्याला कोणीतरी रडत येईल, हे मी अनुभवाने सांगतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांचा आपण उल्लेख केला आहे. ती चळवळ स्वतः केंद्रे चालवत नाही आणि कुठल्याही केंद्राशी स्वतःला जोडत नाही. तिच्या सदस्यत्वाची एकमेव अट म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. कुलूपबंद दारामागे सक्तीने भरवलेली सभा त्या परंपरेत बसत नाही, हे तिथल्या जुन्या सदस्यांनाच विचारून पाहावे.

आतल्या दिवसाविषयीचे नियम अनेक केंद्रांच्या ‘शिस्ती’ला छेद देणारे आहेत. दाखल होताच डोके भादरणे, सर्वांना एकाच रंगाचा गणवेश घालणे, पहिला महिना फोन आणि भेट बंद ठेवणे, ‘श्रमोपचार’ म्हणून शेतावर किंवा स्वयंपाकघरात फुकट राबवून घेणे, हे सगळे ‘अहंकार उतरवण्या’च्या नावाखाली चालते. कायद्याने सक्तीचे मुंडण आणि सक्तीचा गणवेश नाकारण्याचा, काम करण्यास नकार देण्याचा आणि केलेल्या कामाचा मोबदला मिळण्याचा, भेटी आणि दूरध्वनीचा, खासगीपणाचा हक्क दिला आहे. साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात बंदी आहे. एकट्याला कोंडून ठेवण्यासही बंदी आहे. शारीरिक प्रतिबंध, म्हणजे धरून ठेवणे किंवा पट्ट्याने बांधणे, हे तातडीची इजा टाळण्याचा तोच एक उपाय उरला असेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने, गरजेपुरत्या वेळेसाठी आणि नोंद करून करता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून करता येत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते आणि दरमहा मंडळाला अहवाल पाठवावा लागतो. ‘रात्रपाळीला एकच मामा असतो, काय करणार’ हे कारण कायद्याने नाव घेऊन नाकारले आहे. अल्पवयीन मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, त्यांच्यासोबत प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने राहावे लागते आणि ७२ तासांत मंडळाला कळवावे लागते. तीस खाटांच्या पुरुष केंद्रात सोळा वर्षांचा मुलगा ‘एवढ्यापुरता’ घेण्याचा मोह टाळावा.

दंडाचे सांगायचे तर नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्या वेळी ५०,००० ते २ लाख आणि पुढे प्रत्येक वेळी २ ते ५ लाख रुपये दंड आहे. नोंदणी नाही हे माहीत असूनही तिथे काम करणाऱ्या व्यावसायिकाला २५,००० रुपयांपर्यंत दंड होतो, म्हणून भेटीसाठी येणारे मनोविकारतज्ज्ञ आता प्रमाणपत्र आधी मागू लागले आहेत आणि ते योग्यच आहे. कायद्यातील अन्य तरतुदींचा भंग केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुनरावृत्ती झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतात. पहिल्या वेळचा दंड किरकोळ आहे, यात शंका नाही. बेकायदा केंद्राची एका रुग्णाची महिन्याची फीच कधी कधी त्याहून अधिक असते.

इमारतीच्या बाबतीत दोन गोष्टी विसरू नयेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. पळून जाऊ नयेत म्हणून खिडक्यांना गज आणि जिन्याला कुलूप लावणारी केंद्रे मी पाहिली आहेत. किल्ली रात्री ज्याच्याकडे असते तो गाढ झोपलेला असतो. दुसरे, इंजेक्शने दिली जाणार असतील तर जैववैद्यकीय कचऱ्याची, २०१६ च्या नियमांप्रमाणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार लागतो.

शेवटी फीविषयी, कारण विश्वस्तांच्या टिपणात ‘सहा महिन्यांची रक्कम आगाऊ, परतावा नाही’ असे वाक्य आहे. ते काढून टाकावे. बाराव्या दिवशी स्वतंत्र रुग्ण जायचे म्हणाला आणि साडेपाच महिन्यांचे पैसे परत द्यायचे नसतील, तर त्याला थांबवण्यासाठी घरच्यांवर, आणि घरच्यांमार्फत त्याच्यावर, केंद्राचाच दबाव येऊ लागतो. डिस्चार्ज नाकारल्याच्या ज्या तक्रारी मी हाताळल्या, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हाच व्यवहार होता. रक्कम महिन्यागणिक घ्यावी, न राहिलेल्या दिवसांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील हे पावतीवरच छापावे, आणि ती पावती नातेवाइकांप्रमाणेच रुग्णाच्याही हाती द्यावी. प्राधिकरणाकडे अर्ज करताना दरपत्रक जोडाल तेव्हा ही परताव्याची अटही त्याच कागदावर असू द्यावी.